यंत्रांची नाडी पाहणारे

हृदयाची लय बिघडून कोसळलेल्या रुग्णाला झटका द्यायचा असतो. डिफिब्रिलेटरच्या पडद्यावर २०० ज्यूल दिसतात, पण छातीपर्यंत तेवढी ऊर्जा पोहोचते का, हे नुसते पाहून कळत नाही. बायोमेडिकल इंजिनीअर छातीऐवजी ५० ओहमचा रोध असलेल्या तपासणी यंत्रावर तो झटका मोजतो, बॅटरी पाहतो, विजेची गळती तपासतो. व्हेंटिलेटरमधला रासायनिक ऑक्सिजन सेन्सर तर यंत्र बंद असतानाही झिजतो. तो वेळेवर बदलावाच लागतो.

बारावी विज्ञान, सीईटी आणि मग चार वर्षांची पदवी. दहावीनंतर पदविकेचीही वाट आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीला शरीररचना शिकावी लागते. प्रवेश घेताना कॉलेजची इमारत पाहण्यापेक्षा रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती मिळते, ते विचारावे.

सरकारी रुग्णालयांतील यंत्रांसाठी केंद्राने २०१५ मध्ये देखभाल कार्यक्रम आणला. त्यासाठीच्या पाहणीत राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. अनेक राज्यांनी हे काम खासगी कंपन्यांकडे दिले. त्यामुळे पगार कंपनीचा आणि पाना-पेचकस घेऊन फेरी तालुक्याच्या दवाखान्यांची, अशीही नोकरी वाट्याला येते.