संयोजी ऊती : दोन भाषांच्या सीमेवर

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या हाती जीवशास्त्राचे तेलुगू पुस्तक पडले, की ‘कंडरम्’ या शब्दापाशी तो हमखास अडखळतो. तेलुगूत कंडरम् म्हणजे स्नायू. संस्कृतातील कंडरा मात्र स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मराठी वैद्यकीय लेखनातही ती याच अर्थाने येते. शालेय मराठीत तिला स्नायुरज्जू म्हणतात.

अर्थ हलवण्यात आपणही मागे नाही. सुश्रुतसंहितेत मांसल भाग म्हणजे पेशी आणि बांधणारे तंतू म्हणजे स्नायू. पेशी 500, स्नायू 900, कंडरा 16 अशी मोजणी तेथे आहे. मराठीने ‘स्नायू’ मांसाला दिला आणि ‘पेशी’ शरीराच्या सूक्ष्म घटकाला. तेव्हा मुलांना नावाआधी काम सांगावे, हे बरे.

संयोजी ऊतींचे काम जोडण्याचे आणि आधार देण्याचे. त्यांच्या पेशी एकमेकींना खेटून नसतात. मधे आधारद्रव्य असते आणि बहुधा तंतूही. आधारद्रव्य कसे आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. रक्तात ते द्रव असते, म्हणून रक्तही संयोजी ऊतीच! (हे मुलांना लवकर पटत नाही.) हाडात कॅल्शियम व फॉस्फरसच्या क्षारांमुळे ते टणक होते. कास्थीत, म्हणजेच कूर्चेत, ते घट्ट पण लवचीक असते. कानाचा वरचा भाग दुमडून सोडला तर तो पूर्ववत होतो, तो कास्थीमुळे. खालच्या मऊ पाळीत कास्थी नसते. त्वचेखालची विरल ऊती अवयवांमधील जागा भरते, मेद ऊती ऊर्जा साठवते व ऊब राखते.

हाडाला हाड जोडतो तो अस्थिबंध. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा हाच ताणला जातो, आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने दुखणे रेंगाळते. तेलुगूत तो ‘संधिबंधनम्’, तर स्नायुरज्जू ‘स्नायुबंधनम्’. येथे मराठी मुलगा ‘स्नायूला बांधणारे’ असा अर्थ लावतो आणि योगायोगाने बरोबर ठरतो.

‘ऊती’ शब्दामागे विणण्याचा धातू आहे, ‘ओतप्रोत’ त्याचाच. तेलुगूने ‘कणजालम्’, म्हणजे पेशींचे जाळे, असे नाव घेतले. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील मुलांना दोन्ही नावे समजावायला एक फाटके धोतर पुरते : उजेडासमोर धरले, की विरळ आणि दाट वीण वेगवेगळी दिसते.