चारा कोकराचा, परीक्षा मटणाची

कोकरू रोज किती ग्रॅम भरतं, यावर चाऱ्याला गुण देण्याची पद्धत जुनीच. पण कापल्यावर उतारा (जिवंत वजनाच्या किती टक्के मटण) किती पडला, चरबी किती निघाली, मटणाचा रंग किती टिकला हे पाहिलं की चाऱ्यांचा क्रम बदलतो.

उतारा

कॉफीत मिसळतात ती चिकोरी न्यूझीलंडमध्ये कुरणात पेरतात. राय गवताच्या तुलनेत तिची पानं पोटातून लवकर पुढे सरकतात. त्यामुळे कोकरू जास्त खातं, लवकर भरतं आणि कापताना पोटातला चोथा कमी निघतो. ४० किलोच्या कोकरामागे उतारा एका टक्क्याने वाढला, तरी ४०० ग्रॅम मटण जास्त.

खारं झुडूप

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहू पट्ट्यात जंगलतोडीनंतर भूजल वर आलं आणि सोबत मीठही. अशा नापीक जमिनीत 'ओल्ड मॅन सॉल्टबुश' हे करड्या पानांचं तिथलंच झुडूप तग धरतं. पान चावलं तर जीभ खारट होते. ते डिसेंबर ते मार्चच्या उन्हाळ्यातही हिरवं असतं, त्या वेळी शेतात गव्हाचं वाळलेलं काड तेवढं उरतं.

नुसत्या सॉल्टबुशवर कोकरू भरत नाही, उलट उतरतं. पानांत ऊर्जा कमी, क्षार भरपूर. सोबत काड किंवा धान्य हवं आणि गोडं पाणी मुबलक, कारण एवढं मीठ लघवीवाटेच बाहेर पडायचं असतं.

फायदा दिसतो तो मटणात. वाळक्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही, या पानांत ते भरपूर असतं. स्नायूंत ते साठलं की मटण लवकर तपकिरी पडत नाही, दुकानातल्या ट्रेमध्ये जास्त काळ लाल राहतं. काही चाचण्यांत चरबीही कमी निघाली. 'सॉल्टबुश लॅम्ब' म्हणून हे मटण चढ्या भावाने विकतात. चव घेणाऱ्यांना चाचणीत मात्र फारसा फरक कळला नाही. नावाचे पैसे, दुसरं काय!

वास

लसूणघास आणि पांढरा क्लोव्हर यांवर कोकरं झपाट्याने वाढतात. पण त्यांतली प्रथिनं पोटात फार लवकर फुटतात, त्यातून स्कॅटोल हे उग्र वासाचं द्रव्य तयार होऊन चरबीत उतरतं आणि मटणालाही तो वास येतो. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या चाऱ्यावर प्रथिनं सावकाश फुटतात, म्हणून हा त्रास कमी.