हायड्रॉसऐवजी गूळ : पुण्यातल्या एका रंगगटाकडून घेण्यासारखे



आपल्यापैकी ज्यांचा थोडाफार ऊस दरसाल गुऱ्हाळाला जातो, त्यांना हायड्रॉस ही पांढरी पावडर काही नवी नाही. काहिलीतला रस आटत आला की थोडी भुरभुरायची, म्हणजे गूळ पिवळाधमक निघतो. अडतदार ढेप फोडून आधी रंग बघतो, चव मागाहून. म्हणून पावडर टाकावी लागते, असे गुऱ्हाळवाले सांगतात, आणि त्यात खोटे काही नाही.

पण ही पावडर मुळात गुऱ्हाळाची नव्हेच. ती रंगाऱ्याच्या दुकानातली. सोडियम हायड्रोसल्फाइट हे तिचे पूर्ण नाव. कापडाला व सुताला नीळ चढवण्यासाठी ती वापरतात. आता गंमत बघा. आपल्याकडे गुळात रंगाऱ्याची पावडर पडते, आणि पुण्यात सूत-कापड रंगवणारा एक गट ती पावडर बाजूला ठेवून तिच्या जागी आपला गूळ टाकतो. तोही कसा, तर बाजारात ज्याला कोणी विचारत नाही तो काळपट, चिकट गूळ! हे त्यांना कसे जमले आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

पुणे आणि रंगारी

पुण्यात रंगाऱ्यांचे काम जुने. १८९२ साली ज्यांनी सार्वजनिक गणपती बसवला ते भाऊसाहेब लक्ष्मण जावळे आजही भाऊ रंगारी याच नावाने ओळखले जातात. ते स्वतः वैद्य होते, पण घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा, म्हणून नाव पडले रंगारी. धंद्याचे नाव माणसाला चिकटावे इतका त्या कामाला मान होता.

हे काम हातातून गेले ते परदेशातल्या कारखान्यांमुळे. १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी हायड्रॉसही पावडरीच्या रूपात मिळू लागले. ज्या कामाला दिवस लागत ते तासाभरात होऊ लागले. जुन्या रंगाऱ्याचे रांजण ओस पडले.

निळीच्या शेतकऱ्याचे हाल तर त्याआधीपासूनचे. बंगालात १८५९ साली शेतकऱ्यांनी नीळ पेरायचे नाकारले. चंपारणमध्ये विसातले तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याची सक्ती होती, ती १९१७ च्या सत्याग्रहानंतर उठली. पीक एकाचे आणि भाव दुसऱ्याच्या हातात, हे दुखणे आपल्या वाडवडिलांनाही माहीत होते. हातकामे का बुडाली याचा अभ्यास धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात केला. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतले हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर उभे राहिले आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. एकट्याने जे टिकत नाही ते एकत्र येऊन टिकवायचे, ही शिकवण आपल्या कारखानदारीच्या पायातच आहे.

गट कसा चालतो

मी सांगतो तो गट कोथरूडच्या एका इमारतीच्या गच्चीवर जमतो. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये कामानिमित्त जाणे होते, तेव्हा दोन-चार वेळा वाकडी वाट करून बघून आलो. दहा-बाराजण आहेत, बहुतेक बायका. एक शाळेतल्या शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दोघी घरी छोटा हातमाग चालवणाऱ्या, एक धनगरांकडून लोकर आणून स्वतः कातणाऱ्या. कोणी सुताच्या लडी आणतो, कोणी कापड. नोंदणी नाही, फलक नाही. एक वही आहे आणि एक वजनकाटा.

वजनकाट्यावाचून तिथे काही होत नाही. माल कोरडा असताना तोलायचा आणि वहीत मांडायचा. तुरटी घ्यायची ती वजनाच्या शेकडा पंधरा ते वीस, म्हणजे किलोभर सुताला दीडशे ते दोनशे ग्रॅम. मी म्हटले, "ताई, हे तर आमच्या काट्यासारखंच झालं." त्या म्हणाल्या, "काटा चुकला की रंग चुकतो. मग भांडणं कोण मिटवणार?"

पहिले काम धुण्याचे. सोडा घालून सूत-कापड उकळायचे म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघतो. लडी चार ठिकाणी सैल बांधायच्या. घट्ट बांधल्या तर बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, आणि मोकळ्या सोडल्या तर गुंता सुटता सुटत नाही. मग हिरड्याचे पाणी. हिरडा आपल्याच जिल्ह्यातला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी बांधव गोळा करतात तो. सुती मालाला आधी हिरडा आणि मग तुरटी दिली की रंग धरतो. लोकरीला हिरडा लागत नाही, तुरटी पुरते. पण उकळत्या पाण्यात ढवळली तर लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते, म्हणून तिला मंद आच.

रंगाचा माल सगळा ओळखीचा. झेंडूने पिवळा. कांद्याच्या सालीने पिवळट तांबूस. डाळिंबाच्या सालीनेही पिवळा, त्यात लोखंडाचे पाणी पडले की काळपट हिरवा. मंजिष्ठाच्या मुळीने लाल. दसरा-दिवाळी झाली की झेंडू पोत्याने मिळतो. हळद मात्र फसवी. पहिल्या दिवशी डोळ्यांत भरते आणि उन्हात उडून जाते. तिला हा गट कच्चा रंग म्हणतो आणि विकायच्या मालाला लावत नाही.

निळीच्या पिंपात गूळ काय करतो

आता मुख्य मुद्दा. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती धाग्यात शिरत नाही. तिच्यातला प्राणवायू काढून घेतला आणि पाणी चुन्याने अल्कलीचे केले, तरच ती विरघळते. अशा वेळी पाणी निळे राहत नाही, पिवळट हिरवे होते. त्यात सूत बुडवून बाहेर काढले की हिरवट दिसते आणि हवा लागताच आपल्या डोळ्यांदेखत निळे होते. प्राणवायू परत मिळाला, नीळ धाग्यात अडकून बसली. पहिल्यांदा बघणारा तोंडात बोट घालतो.

हा प्राणवायू हायड्रॉस अर्ध्या तासात काढून घेते. जुन्या काळी तेच काम चुना घातलेल्या पिंपात गूळ करी. दक्षिणेत टाकळ्याचे बी त्यासाठी वापरत. फ्रान्सच्या मिशेल गार्सिया या रंगतज्ज्ञाने अलीकडे एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर हे प्रमाण जगभर लोकप्रिय केले. या गटाने फळसाखरेऐवजी गूळ घेतला आणि प्रमाण थोडे वाढवले.

साखर का नाही चालत? मीही विचारले. उत्तर आपल्या प्रयोगशाळेतलेच निघाले. निव्वळ साखर, म्हणजे सुक्रोज, चुन्यात फारशी हलत नाही. काम करतात त्या रिड्युसिंग शुगर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ऊस तोडून पडून राहिला, शिळा झाला, की सुक्रोज फुटून याच साखरा वाढतात. त्यामुळे उतारा घसरतो आणि आम्ही तुमच्या मागे लागतो की तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस काट्यावर आणा. रसात चुना जास्त झाला तर रस तांबडा-काळा पडतो तोही याच साखरांमुळे. चुन्यात त्या मोडतात आणि मोडताना निळीतला प्राणवायू ओढून घेतात. म्हणजे कारखान्यात जो दोष, तोच पिंपात गुण. ज्या गुळात या साखरा जास्त, तो मऊ राहतो, चिघळतो, काळवंडतो. अडत्यावर त्याला तळाचा भाव मिळतो. पिंपाला नेमका तोच मानवतो.

काळा रंगही गुळाचाच. मडक्यात गंजके खिळे, नाल, लोखंडाचे तुकडे आणि गुळाचे पाणी भरून ठेवायचे. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस, थंडीत पंधरा-वीस. गूळ आंबतो, त्याचे आम्ल होते, ते लोखंड खाते. हिरडा लावलेले कापड या पाण्यात घातले की काळे होते. फक्त प्रमाण राखावे, कारण लोखंड जास्त झाले तर सूत कुजते.

गट नसता तर गूळ चालला नसता

गुळाचे पिंप जनावरासारखे आहे. त्याला ऊब लागते, रोज हलक्या हाताने ढवळावे लागते, मधूनमधून चुना आणि गूळ द्यावा लागतो. वर तांबूस झळाळी आली आणि खाली पाणी पिवळट हिरवे दिसले म्हणजे तब्येत बरी. पाणी निळे पडले म्हणजे पिंप उपाशी. एकटा माणूस चार दिवस परगावी गेला की पिंप बसलेच. म्हणून एकटा माणूस हायड्रॉसकडे वळतो. त्यात त्याची चूक नाही, त्याची सोय आहे.

गटात पाळ्या लावल्या आहेत. आज हिची, उद्या तिची. शिवाय पन्नास-साठ लिटरचे पिंप एकाच्या दोन लडींसाठी परवडत नाही, दहाजणांच्या मालाला परवडते.

एकत्र आले म्हणजे कुरबुर आलीच. पिंपात पहिली पडणारी लड गडद होते आणि शेवटची फिकी, कारण रंग उतरत जातो. ज्याची पाळी शेवटी त्याचे सूत फिके. उसाच्या तोडीचा क्रम लागताना आपल्या गावात काय होते ते आठवा! त्यांनी तोड अशी काढली : पहिली बुडी वहीतल्या क्रमाने, दुसरी उलट्या क्रमाने, तिसरी मधून सुरू करायची. तीन बुड्यांनंतर सगळ्यांची निळाई जवळपास सारखी येते. एका साडीचे किंवा एका शालीचे सूत मात्र कधी दोन दिवसांत वाटायचे नाही, नाहीतर विणल्यावर पट्टा दिसतो. लोकरीला चुना सोसत नाही, म्हणून तिला थोडा वेळच बुडवायचे आणि नंतर व्हिनेगरच्या पाण्यातून काढायचे.

काही गोष्टी त्यांनी ठरवून बंद ठेवल्या आहेत. द्राक्षवाल्यांना बोर्डोमुळे माहीत असलेले मोरचूद आणि त्याहून विषारी डायक्रोमेट त्यांच्या गच्चीवर चढत नाही. चुना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. गटारातून जाते ते शेवटी मुठेतच जाते, एवढे भान त्यांना आहे.

आपण काय घ्यावे

रंगकामाला लागून लागून किती गूळ लागणार? महिन्याला काही किलो. त्यावर कोणी उसाचे गणित मांडू नये. घेण्यासारखे आहे ते वेगळेच.

हायड्रॉस टाकलेल्या गुळाचा पिवळेपणा टिकत नाही. पावसाळ्यात तो गूळ पुन्हा काळवंडतो, गंधकाचा अंश मात्र आत राहतो. गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला अन्नसुरक्षेच्या नियमांत मर्यादा आहे, ती उगाच नाही. रानभेंडीच्या चिकाने मळी चांगली निघते, हे आपल्या जुन्या गुळव्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना सगळे कळते. पण एकट्या गुऱ्हाळवाल्याने पावडर सोडली तर त्याच्या ढेपा मागे पडतात आणि तो दुसऱ्या आधणाला पुन्हा पुडी फोडतो. कोथरूडच्या एकट्या रंगाऱ्यासारखीच त्याची अडचण आहे.

म्हणून सूचना अशी. एका गावातल्या चार-पाच गुऱ्हाळांनी मिळून ठरवावे की हंगामातली ठराविक आधणे बिगर हायड्रॉसची काढायची. नोंद एका वहीत, वजन एका काट्यावर, माल एकाच नावाने बाजारात. गूळ तांबूस असेल तर तांबूस म्हणूनच विकायचा. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी रांग लावणार नाही. पण पाचजणांचा माल एकसारखा तांबूस दिसला की तो दोष वाटत नाही, त्याला वाण म्हणतात.

ज्या भगिनींच्या बचत गटाला रंगाचे काम करून बघायचे असेल त्यांनी निळीपासून सुरुवात करू नये. बांधावरचा झेंडू, तुरटी आणि किलोभर सुती लडी एवढ्यावर पहिला घाणा काढावा. एक लड उन्हात महिनाभर टांगावी आणि रंग किती टिकतो ते स्वतः बघावे, मगच विकण्याचा विचार करावा.

दोन्हींपैकी कशातही रस असणाऱ्यांनी आपापल्या गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे नावे द्यावीत. गुऱ्हाळवाल्यांची नावे गावनिहाय एकत्र आली, म्हणजे पुढे बसून बोलता येईल. एकेकट्याने येऊ नये, चौघांनी मिळून यावे.

— ऊस विकास अधिकारी