गरोदरपणात स्टेरॉईड : भीती किती, काळजी कोणती?

मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरची पाच महिन्यांची गरोदर बाई धापा टाकत आमच्या वॉर्डात आली. दमा जुनाच. पंप का थांबवला, असे विचारले, तर म्हणाली, "दिवस गेल्याचं कळलं अन् बंद केला, साहेब. त्यात स्टेरॉईड असतं, लेकराला व्यंग येतं म्हणे." आईला प्राणवायू कमी पडला की पोटातल्या बाळालाही तो कमी पडतो. लेकरासाठी सोडलेल्या औषधानेच लेकरू धोक्यात आले होते.

नांदेड-लातूर भागात ही भीती घरोघरी आहे. ती निराधार नाही, पण औषधाच्या मानाने फार मोठी आहे.

बाळाचे ओठ आणि टाळू पहिल्या बारा आठवड्यांत घडतात. या काळात पोटातून स्टेरॉईड घेतल्यास ते दुभंगलेले राहण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. तिप्पट म्हणजे किती? हे व्यंग एरवी हजारात साधारण एका बाळाला असते. तिप्पट धरले तरी हजारात तीन. पुढे २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये ८ लाखांहून अधिक जन्मांची नोंद तपासली गेली. त्यात अशी वाढ आढळली नाही. कोणतेही औषध न घेता शंभरातल्या दोन-तीन बाळांमध्ये काही ना काही जन्मजात दोष असतो, हेही लक्षात ठेवावे.

सगळी स्टेरॉईड सारखी नसतात. दमा, ल्युपस, संधिवात यांसाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन वारेतच बरेचसे निष्प्रभ होते. बाळापर्यंत साधारण दहावा भागच पोहोचतो. पंपातले औषध मुख्यतः फुप्फुसातच काम करते, रक्तात फार थोडे उतरते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र वार ओलांडून बाळापर्यंत जातात.

याच गुणाचा उपयोग होतो. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची चिन्हे असतील, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात : ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. त्याने बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. तोवर अवयव घडून झालेले असल्याने व्यंगाचा प्रश्न उरत नाही. भारतासह पाच देशांत २,८५२ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. आपल्या शेजारचे बेळगावही त्यात होते. इंजेक्शन न मिळालेल्या गटात शंभरातली सुमारे २३ नवजात बालके दगावली, मिळालेल्या गटात सुमारे २०. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम ताईही देऊ शकतात. तांड्यावरून नांदेड किंवा लातूर गाठेपर्यंत जाणारे तास पाहता हा पहिला डोस मोलाचा आहे. घरच्यांनी त्याला नको म्हणू नये.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. सांधेदुखी किंवा दम्यावर कुणी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. कोणते, किती, काहीच कळत नाही. नायट्यासाठी किंवा गोरेपणासाठी दुकानातून आणलेल्या अनेक मलमांत जोरदार स्टेरॉईड असते. गरोदरपणात अशी मलमे भरपूर वापरली, तर बाळाचे वजन कमी भरू शकते.

डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू असताना दिवस गेले, तर ती परस्पर बंद करू नका. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉईड एकाएकी सोडले, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो. लगेच डॉक्टरांना भेटा. कमीत कमी डोस किती पुरेल, ते ठरवता येते. मधुमेह आणि रक्तदाब वाढण्याची शक्यता असल्याने दोन्ही वरचेवर तपासा. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. बाळंतपणाला जाताना गोळीचे नाव आणि डोस लिहिलेला कागद सोबत ठेवा. प्रसूतीच्या वेळी जादा इंजेक्शन लागू शकते.

तांड्यावरच्या त्या बाईने पंप पुन्हा सुरू केला आणि दिवस भरल्यावर ती बाळंत झाली. पुढच्या खेपेला पंप बंद करण्याआधी विचारायला येईन, असे तिने घरी जाताना आपणहून सांगितले.