धावण्याचा सराव: कष्टांना आराखड्याची जोड

भरतीची जाहिरात प्रसिद्ध झाली की देशभरातील मैदाने, कालव्यांचे काठ आणि गावाबाहेरचे रस्ते पहाटेपासून धावणाऱ्या तरुण-तरुणींनी गजबजू लागतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई पदासाठी सर्वसाधारणपणे पुरुष उमेदवारास ५ किलोमीटर अंतर २४ मिनिटांत, तर महिला उमेदवारास १.६ किलोमीटर अंतर साडेआठ मिनिटांत धावून पूर्ण करावे लागते. अनेक कुटुंबांची उपजीविका या काही मिनिटांवर अवलंबून असते. त्यामुळे हाती असलेल्या दिवसांत रोज, आणि रोज जीव तोडून धावण्याकडे उमेदवारांचा कल असतो. ही जिद्द निःसंशय आदरास पात्र आहे. तथापि नियोजनाविना केलेले कष्ट पुष्कळदा वेळ कमी करण्याऐवजी दुखापत वाढवितात, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेततात.

शरीर बळकट केव्हा होते?

व्यायाम सुरू असताना शरीर बळकट होत नसते, ते थकत असते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यांतील ऊर्जेचा साठा घटतो. ही झीज नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि आहारातून भरून निघते. भरपाई होताना शरीर पूर्वीपेक्षा किंचित अधिक क्षमता मिळविते. भरपाई पूर्ण होण्याआधीच पुन्हा तितकाच कठोर भार दिल्यास लाभ पदरात पडत नाही, केवळ झीज साचत जाते.

शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सरावत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. हृदय व स्नायू काही आठवड्यांतच नव्या भाराशी जुळवून घेतात. हाडे आणि कंडरा यांना कित्येक महिने लागतात. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर तेथील जुना भाग आधी काढून टाकते आणि नवा भाग त्यानंतर घडविते. मधल्या काळात ते हाड तुलनेने नाजूक असते. त्यामुळे सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम लागणे कमी होते, उत्साह वाढतो, परंतु नडगीचे हाड अद्याप तयार नसते. नेमक्या याच सुमारास अंतर एकदम वाढविल्यास हाडाला बारीक तडा जाण्याचा, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका असतो. त्यातून बरे होण्यास सहसा सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर चाचणीची तारीख निघून गेलेली असते.

रोजच्या जोरकस धावण्यात काय उणे राहते?

दररोज तेच अंतर शक्य तितक्या वेगाने धावणाऱ्या उमेदवाराची प्रगती आरंभी दिसते आणि काही आठवड्यांनी खुंटते. दमदारपणा वाढावा इतके सावकाश व दीर्घ धावणे होत नाही, आणि थकलेल्या पायांनी खरा वेगही साधत नाही. कष्ट कमी पडत आहेत असे समजून उमेदवार आणखी धावतो व अधिकच थकतो. वस्तुतः उणीव कष्टांची नसते. प्रत्येक दिवसाला स्वतंत्र हेतू नसतो, ही खरी उणीव असते.

बारा आठवड्यांचा नमुना आराखडा

उद्दिष्ट प्रथम आकड्यांत मांडावे. ५ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या. २४ मिनिटांच्या मर्यादेत प्रत्येक फेरीस सुमारे १ मिनिट ५५ सेकंद मिळतात. १.६ किलोमीटर म्हणजे चार फेऱ्या. प्रत्येकीस सुमारे २ मिनिटे ७ सेकंद. जी निरोगी व्यक्ती न थांबता २० मिनिटे आरामात धावू शकते, तिने आठवड्याची विभागणी पुढीलप्रमाणे करावी. ज्यांना हे अद्याप जमत नाही, त्यांनी आधी चालणे व धावणे आलटून पालटून करीत तेवढी तयारी करावी.

- दोन दिवस सावकाश धावणे: धावताना सलग वाक्ये बोलता यावीत. बोलताना धाप लागत असेल तर वेग कमी करावा.
- एक दिवस लांब पल्ला: त्याच सावकाश गतीने, दर आठवड्यास थोडे थोडे अंतर वाढवीत.
- एक दिवस वेगाचा सराव: पाचव्या आठवड्यापासून. अंग मोकळे करून उद्दिष्टाच्या वेगाने ४०० मीटर धावावे, दोन मिनिटे चालावे व पुन्हा धावावे. आरंभी चार फेऱ्या, पुढे क्रमाने आठपर्यंत.
- दोन दिवस बळाचे व्यायाम: बैठका, जोर, टाचा उचलणे. या दोन दिवसांत अंतर ठेवावे.
- एक दिवस पूर्ण विश्रांती.

दर चौथ्या आठवड्यास एकूण अंतर सुमारे एक तृतीयांशाने कमी करावे. वेळ लावून पूर्ण अंतर धावण्याची परीक्षा रोज न घेता चौथ्या, आठव्या व अकराव्या आठवड्याच्या अखेरीसच घ्यावी. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावे. एका वहीत दररोज अंतर, वेळ, झोप आणि दुखणे यांची नोंद ठेवावी. दोन-तीन दिवस सलग थकवा दिसल्यास पुढील कठीण दिवस पुढे ढकलावा.

सरावापूर्वी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला व २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत. रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्यास कितीही सराव केला तरी धाप लागते. ही तपासणी जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात करून घ्यावी. पूर्वी कधी धावताना भोवळ आली असल्यास किंवा कुटुंबात कोणाचा तरुण वयात अकस्मात मृत्यू झाला असल्यास, डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केल्याखेरीज कठोर सराव आरंभू नये. ताप असताना धावू नये. वेदना दाबण्यासाठी गोळ्या घेऊन धावणे, तसेच ताकदीच्या नावाने मिळणारी इंजेक्शने घेणे सर्वथा टाळावे.

त्वरित थांबण्याची लक्षणे

- छातीत दुखणे, भोवळ येणे, छातीत अनियमित धडधड: तात्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.
- नडगी किंवा पाऊल एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर दुखणे: धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे.
- कठोर व्यायामानंतर स्नायूंत तीव्र वेदना व काळ्या चहासारखी लघवी: स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडास धोका असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.
- मासिक पाळी बंद होणे: आहार श्रमांस पुरेसा नसल्याचे ते चिन्ह असू शकते, वैद्यकीय सल्ला घ्यावा.
- उन्हात धावताना असंबद्ध बोलणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे: हा उष्माघात समजावा. व्यक्तीस सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, मान व काखेत बर्फ ठेवावा आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. वाहन येईपर्यंत शरीर थंड करणे थांबवू नये. शुद्ध नसल्यास तोंडाने पाणी पाजू नये.

तारीख जवळ आली असल्यास

बारा आठवडे उरले नसतील तर हा आराखडा दाटीवाटीने उरकू नये. आहे त्या क्षमतेपासून आरंभ करावा, आठवड्यातून एकच दिवस वेगासाठी ठेवावा आणि विश्रांतीचा दिवस वगळू नये. भरतीची संधी पुन्हा येऊ शकते. त्या संधीपर्यंत पोहोचण्यासाठी शरीर धडधाकट राहणे, हेच सरावाचे पहिले उद्दिष्ट होय.