जुन्या सीडी-यंत्रांतला अडलेला प्रवाह

तबकडी फिरते, गाणें लागतें. पण आवाजाला पूर्वींची झळाळी नाहीं. जुन्या सीडी-यंत्राची ही तक्रार अनेक घरांत ऐकूं येते. अशा वेळीं यंत्र मोडींत काढण्याची घाई करूं नये.

तबकडीवर ध्वनि नसतोच, अंक असतात : डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचे दर सेकंदास 44,100. ते अचूक वाचले जात असून पुढचा भाग, म्हणजे अंकांचा ध्वनि करणारा, वयानें थकलेला असूं शकतो. मग रूपांतरापूर्वींच ते अंक बाहेर काढून नव्या रूपांतरकास कां देऊं नयेत?

फिलिप्सच्या ज्या यंत्रांत एसएए7220 ही चिप आहे, तेथें हें सोपें आहे. तिच्या चौदाव्या पायावर सोनी-फिलिप्स पद्धतीचा अंकप्रवाह आयताच वाहत असतो. कित्येक यंत्रांना निर्मात्यानें त्याचें दार तेवढें ठेवलें नाहीं. काटकसर खरी, पण नडणारी!

त्या पायास थेट तार मात्र जोडूं नये. चिपचा दाब 5 व्होल्टांच्या घरांतला, बाहेर अर्धा व्होल्ट पुरे. दोन रोधकांनीं तो उतरवावा व मधें छोटा पल्स ट्रान्सफॉर्मर घालावा. म्हणजे दोन्ही यंत्रें विजेच्या दृष्टीनें अलग राहतात आणि घरघर शिरत नाहीं. तार 75 ओहमांचीच हवी. झांकण काढण्यापूर्वीं विजेचा प्लग उपसावा, लेसरकिरणाकडे डोळा कधींच नेऊं नये.

ज्यांत असा आयता प्रवाह नाहीं, त्या यंत्रांत तो निराळ्या चिपनें घडवावा लागतो. तें काम जाणत्या कारागिराचें.