तीन गिअरांत मावणारं शहर

जुनी काळी सायकल कुठे दिसली, तर खाली बसून तिचे दाते मोजा. दूधवाल्याची असो, किंवा वाड्याच्या जिन्याखाली धूळ खात उभी असलेली आजोबांची. पायडलजवळच्या मोठ्या चक्राला बहुतेकदा ४४ दाते भरतात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. तिला एकही गिअर नाही असं आपण म्हणतो. खरं तर तिला एक गिअर आहे आणि तो विचार करून निवडलेला आहे.

४४ ला १८ ने भागा. उत्तर येतं २.४४. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा परीघ साधारण सव्वादोन मीटर, म्हणून पायाच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे सरकते. सेकंदाला एक फेरा मारला, तर वेग होतो ताशी १९ ते २० किलोमीटर.

आता हीच गोष्ट चालताना पाहा. उजवं पाऊल जमिनीवर टेकल्यापासून तेच पाऊल पुन्हा टेकेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे पायांची लय तीच, पण चालणारा तासाला पाच किलोमीटर जातो आणि सायकलवाला वीस. सायकल पायांना पळायला लावत नाही. चालण्याच्याच लयीत त्यांना चौपट अंतर देते. दोन चक्रांच्या दात्यांमधलं हे गणित मला आजही थक्क करतं.

गिअर म्हणजे काय, याचं उत्तर इथेच सापडतं. गिअर वेग वाढवण्यासाठी असतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते पायांची लय सांभाळण्यासाठी असतात. आपले पाय हे फार मर्यादित पट्ट्यात सुखाने चालणारं इंजिन आहे. मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे त्यांना मानवतात. फेरे फार कमी झाले की प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर ताण येतो, फार वाढले की पाय नुसतेच भिरभिरतात. सपाट रस्त्यावर ही लय आपोआप साधते. पुण्याच्या पेठांमधून ती काळी सायकल इतकी वर्षं सुखाने फिरली, याचं एक कारण हे आहे.

चढ आला की हिशोब बदलतो. शंभर मीटरला चार मीटर चढणारा उड्डाणपूल घ्या. माणूस आणि सायकल मिळून वजन ८५ किलो धरा. ताशी आठ किलोमीटरने चढायचं, तर नव्वदेक वॉट लागतात. निरोगी माणसाला तेवढा जोर काही मिनिटं लावणं अवघड नाही. तरीही काळ्या सायकलवर दमछाक होते, कारण त्या वेगाला पायडलचे मिनिटाला फक्त २४ फेरे होतात आणि पूर्ण फेराभर पायडलवर सरासरी २१ किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो. शक्ती कमी पडत नाही, लय मोडते. मग आपण सीटवरून उठतो, सायकल डावी-उजवीकडे झुलवतो आणि शेवटी उतरून ढकलू लागतो.

यावर उपाय म्हणून आपण दुकानात जातो आणि २१ गिअरच्या सायकलीवर नजर खिळते. पुढे तीन चक्रं, मागे सात, तीन साते एकवीस. इथेही दाते मोजायचे. समजा पुढे ४२, ३४ आणि २४ दाते आहेत, मागे १४ पासून २८ पर्यंत. पुढचं ४२ चं चक्र आणि मागचं २८ चं, यांचं गुणोत्तर दीड. पुढचं २४ चं आणि मागचं १६ चं, तेही दीड! ३४ ला २० ने भागा, २४ ला १४ ने भागा, दोन्हीकडे उत्तर १.७. अशा जोड्या वगळत गेलं की एकवीसमधले वेगळे गिअर चौदाच्या आसपास उरतात. त्यातही चेन फार तिरकी होते म्हणून काही जोड्या वापरूच नयेत अशा असतात. डोंगरात त्या सायकलीचे सगळ्यात हलके गिअर सोन्यासारखे आहेत. घर ते ऑफिस या रस्त्यावर ते क्वचितच लागतात, पण पुढच्या तीन चक्रांचं वजन, दुसरी केबल आणि दुसरं समायोजन मात्र रोज सोबत असतं.

मग शहराला किती गिअर हवेत? या प्रश्नाचं एक अतिशय देखणं उत्तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तयार झालं. १९०२ साली तिथे स्टर्मी-आर्चर ही कंपनी उभी राहिली आणि तिने मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे जिथून आरे निघतात त्या मुठीएवढ्या डब्यात, तीन गिअर बसवले. १९३६ मध्ये आलेली तिची एडब्ल्यू ही रचना जगभर गाजली.

त्या डब्यात एक लहानसं आकाश आहे. मधोमध एक्सलवर २० दात्यांचं चक्र असतं. एक्सल फ्रेमला घट्ट आवळलेला, म्हणून हे चक्र कधीच फिरत नाही. कारागीर त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती प्रत्येकी २० दात्यांचे चार ग्रह स्वतःभोवती फिरत प्रदक्षिणा घालतात. चौघांना एकत्र धरायला एक पिंजरा असतो. सगळ्यांना बाहेरून वेढणारं, आतल्या अंगाला ६० दाते असलेलं एक कडं असतं. दात्यांचा हिशोब असा जुळतो, की कड्याचे चार फेरे झाले की पिंजऱ्याचे बरोबर तीन होतात.

आता गंमत पाहा. चेनने कडं फिरवलं आणि चाकाला पिंजऱ्याशी जोडलं, तर चार फेऱ्यांचे तीन होतात. हा चढाचा, पाऊणपट गिअर. उलट केलं, चेनने पिंजरा फिरवला आणि चाकाला कड्याशी जोडलं, तर तीनाचे चार होतात. हा उताराचा गिअर. चेन आणि चाक एकाच भागाशी जोडले गेले, तर जेवढ्यास तेवढे. हा सपाटीचा. एकही चक्र बदललेलं नाही. तोच सूर्य, तेच ग्रह. कोण फिरवणार आणि कोण फिरणार एवढंच बदललं, आणि तीन गिअर मिळाले.

या सायकलीला पुढे ४४ आणि मागे २२ दाते लावा. पायांची लय सेकंदाला एक फेरा ठेवली, तर तीन गिअरांत वेग येतो ताशी १२, १६ आणि २१ किलोमीटर. शहरातली जवळजवळ सगळी सायकलस्वारी या तीन आकड्यांत मावते. त्याच उड्डाणपुलावर, त्याच आठ किलोमीटर वेगाला आता मिनिटाला चाळीस फेरे होतात आणि पायडलवरचा सरासरी जोर २१ किलोवरून १३ किलोवर येतो. पूल तोच, काम तेवढंच, पण गुडघे सुटतात.

शहरासाठी या हबचा आणखी एक गुण मोलाचा आहे. सायकल जागेवर उभी असतानाही गिअर बदलता येतो. नेहमीच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन बाजूला सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, सायकलीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर चढायला पायडल फिरतं असावं लागतं. सिग्नल अचानक लाल झाला, जड गिअरमध्ये थांबलात, की हिरवा लागल्यावर तसंच जड ओढत निघावं लागतं, आणि तेही मागून बस हॉर्न देत असताना. हबचा गिअर मात्र सिग्नलला उभ्या उभ्या खाली आणता येतो. सगळे दाते बंद डब्यात असल्यामुळे पावसाळ्यातला चिखल तिथवर पोचत नाही. चेन कायम सरळ रेषेत राहते, म्हणून तिच्यावर पूर्ण चेनकव्हर बसतं आणि पँटला वंगण लागत नाही. उणिवाही सांगायला हव्यात. हब जड असतो, गिअरांमधल्या पायऱ्या मोठ्या असतात, आणि पंक्चरसाठी मागचं चाक काढायचं तर केबल सोडवून नट पान्याने खोलावे लागतात.

आपल्याकडे हबगिअरची सायकल सहज मिळत नाही. तिच्या जवळ जाणारा पर्याय म्हणजे पुढे एकच चक्र आणि मागे सात. मागे १४ ते २८ दाते असतील, तर सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गिअरमध्ये दुपटीचं अंतर मिळतं. तीन गिअरच्या हबमध्ये ते पावणेदोन पट असतं. डिरेलर दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागत नाही. फक्त सायकल स्टँडच्या गर्दीत लावताना उजवी बाजू जपावी, कारण मागचा डिरेलर तिथेच लटकत असतो आणि धक्क्याने वाकतो.

तेव्हा निवड रस्त्याकडे पाहून करा. रोजची वाट सपाट असेल, तर एका गिअरची सायकल खुशाल घ्या. ओझं न्यायचं असेल, तर १८ च्या जागी २० किंवा २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवून मागा. हा बदल स्वस्त आहे आणि त्याने सायकलचा स्वभावच बदलतो. वाटेत एखाददुसरा पूल किंवा चढ असेल, तर तीनचा हब किंवा पुढे एक, मागे सात. पुण्याच्या चांदणी चौकासारखा लांब चढ रोजचा असेल किंवा घर रत्नागिरीसारख्या चढउतारांच्या गावात असेल, तर मात्र जास्त गिअर हवेतच. तिथे कंजुषी करू नका.

पैसे देण्याआधी एक चाचणी करा. सायकल तुमच्या वाटेवरच्या सर्वांत अवघड चढावर न्या, सर्वांत हलक्या गिअरमध्ये टाका आणि सीटवर बसूनच चढा. पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली गेला, ते मोजा. दहा किंवा जास्त आले, तर गिअर एक असो, तीन असोत की सात, ती सायकल तुमच्या शहराला पुरेशी आहे.